नापास व्हायला येणारा फायरमन

नापास होण्यासाठी जीव तोडून मेहनत करणारा विद्यार्थी मला सगळ्या नोकरीत एकदाच भेटला. बाकीचे आपोआप नापास व्हायचे.

माझी नोकरी काय होती, हे अजून नातेवाइकांना नीट सांगता येत नाही. लग्नकार्यात कोणी विचारलं तर ‘शिक्षक होतो’ म्हणतो आणि विषय बदलतो. खरं म्हणजे इंदूरला पोलोग्राउंडजवळच्या कामगार केंद्रात मी संध्याकाळचा वर्ग घ्यायचो, बॉयलरचा. मिलमधून सुटलेली माणसं हातपाय धुऊन यायची आणि मी त्यांना बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेसाठी तयार करायचो.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला मी. आजोबा संस्थानच्या रिसाल्यात होते, वडील पायदळात. संस्थान गेलं, फौज मोडली, आणि वडील एका गोदामावर चौकीदार झाले. मी बी.एस्सी. झालो तेव्हा ते सकाळीच बडा गणपतीच्या देवळात पेढे ठेवून आले आणि गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटले की आमचा मुलगा सायन्सचा झाला. त्या सायन्सच्या मुलाला पुढे नोकरी लागली ती कोळसा टाकणाऱ्यांना शिकवायची. मला तिची लाज कधी वाटली नाही. वडिलांना थोडी वाटली असेल, पण ते बोलले नाहीत.

मध्य प्रदेश तेव्हा नवानवा होता. राजधानी भोपाळला गेली याचं दुःख इंदूरच्या प्रत्येक माणसाला होतं. मला जरा जास्त होतं, कारण माझ्या खडूच्या डब्यालासुद्धा आता भोपाळची मंजुरी लागायची.

बॉयलर म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आगगाडीच्या डब्याएवढं आडवं लोखंडी पिंप. त्याच्या पोटातून दोन जाड नळ्या गेलेल्या. नळ्यांत कोळसा पेटवायचा, नळ्यांभोवती पाणी, पाण्याची वाफ, आणि त्या वाफेवर मिलचं सूत आणि कापड. पाणी किती आहे हे पिंपाच्या तोंडावर लावलेल्या काचेच्या नळीत दिसतं. सगळा खेळ त्या काचेचा. पाणी काचेत दिसतंय तोवर सगळं ठीक. दिसेनासं झालं म्हणजे नळ्या कोरड्या पडून लाल व्हायला लागल्या असं समजायचं. अशा वेळी नवशिका माणूस घाबरून काय करतो? पाणी सोडतो. लाल तव्यावर पाण्याचा तांब्या ओतला तर काय होतं ते घरात पाहिलेलं असतं, तरी सोडतो. मग बॉयलर फुटतो, आणि बॉयलर फुटला की छप्पर, भिंत आणि माणसं, सगळं एकदमच जातं.

म्हणून वर्गाच्या पहिल्या दिवशी मी एकच धडा द्यायचो. काचेत पाणी नसलं तर आधी काच तुंबलेली नाही ना ते तोट्या उघडून बघायचं. खरंच पाणी नसलं तर भट्टीत राख टाकून आग मारायची, इंजिनिअरला हाक मारायची, आणि काही झालं तरी पाणी सोडायचं नाही. हे मी वर्गाकडून ओरडून म्हणवून घ्यायचो. शेजारच्या खोलीत बायकांचा शिवणवर्ग चालायचा. तिथल्या बाई म्हणायच्या, मास्साब, माझ्या मुलींनासुद्धा आता बॉयलर चालवता येईल.

बॉयलरवर दोन दर्जाची माणसं असतात. फायरमन कोळसा टाकतो. अटेंडंट काचेसमोर उंच स्टुलावर बसतो, फायरमनला हुकूम देतो आणि काही झालं तर जबाबदार धरला जातो. सर्टिफिकेटवाल्या अटेंडंटशिवाय बॉयलर पेटवायचा नाही असा कायदा. संस्थानी काळातले जुने अटेंडंट एकेक करून रिटायर होत होते, त्यामुळे मिलवाल्यांना नवे हवे होते. फायरमनला वर चढायची तेवढी एकच शिडी होती, आणि ती माझ्या वर्गातून जायची.

वर्गात सगळ्या मुलखाची माणसं. फाळणीनंतर सिंधहून आलेला एक गृहस्थ होता, त्याला बॉयलरशी काही घेणंदेणं नव्हतं. कपड्याच्या दुकानात भिंतीवर लावायला सरकारी सर्टिफिकेट हवं होतं, कोणतंही. आपल्यातला एक मराठी पोरगा वडिलांच्या धाकाने आला. मी सगळ्यांना भट्टी दाखवायला नेलं, तिचं दार उघडल्यावर तो जो मागे सरला तो थेट घरी गेला. पुढे पोस्टात लागला आणि सुखी झाला. पण बहुतेक सगळे पुरबिये, म्हणजे उत्तर प्रदेशाच्या पूर्वेकडून मिलसाठी आलेले. त्यांची वस्ती परदेशीपुऱ्यात. आपल्याच देशातून आलेल्या माणसाच्या वस्तीला इंदूरने परदेशीपुरा म्हणावं, आणि त्या माणसानेही ते नाव पत्त्यात निमूट सांगावं, याची मला गंमत वाटायची.

रामदुलारे त्यांच्यातलाच, प्रतापगढकडचा. पंचविशीचा, सडपातळ. मिलमध्ये बदली फायरमन होता. बदली म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर आत घेणार, नाहीतर आल्या पावली परत. बायको आणि लहान मुलगी गावी. अटेंडंट झाला असता तर नोकरी पक्की, मिलच्या चाळीत खोली, आणि दोघींना इंदूरला आणता आलं असतं. त्याने हे पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं, आणि सांगताना मुलगी किती उंच झाली असेल ते हाताने दाखवलं होतं, अंदाजाने.

वर्गात तो सगळ्यांत पुढे. मागच्या बाकावरच्यांना काचेच्या तोट्यांचा क्रम तोच समजावायचा. मी परीक्षेआधीच मनातल्या मनात त्याला पास करून टाकला होता.

परीक्षा तोंडी असायची. टेबलापलीकडे तीन साहेब, अलीकडे उमेदवार उभा. साहेबांनी विचारलं, काचेत पाणी दिसत नाही, काय करशील? रामदुलारे म्हणाला, “पानी छोड़ देंगे साहब.”

मी दाराशी उभा होतो. मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाला, घबरा गए थे, मास्साब. मी समजूत घातली. टेबलासमोर भलेभले गडबडतात.

पुढच्या खेपेला परत तोच प्रश्न आणि परत तेच उत्तर, शब्द न् शब्द. मोठे परीक्षक मराठी होते. त्यांनी मला आत बोलावून विचारलं, “तुम्ही शिकवता काय हो? ह्या माणसाला मिल उडवायची आहे का?” वर मिलच्या इंजिनिअरने निरोप धाडला की आणखी एकदा पाहू. नाही जमलं तर त्याचं नाव काढून टाकू आणि अटेंडंट बाहेरून आणू.

एकदा चुकला ती भीती. दुसऱ्यांदा शब्द न् शब्द तेच चुकला, तो बेत. मी त्याला पोलोग्राउंडच्या कोपऱ्यावर चहाला नेलं आणि सरळ विचारलं की बाबा, तू जाणूनबुजून नापास होतोयस का. मला आडवळणाने बोलता येत नाही, घरीही ह्यावरून बोलणी खातो. त्याने कपातला चहा बशीत ओतला, बशीतला परत कपात ओतला, आणि मग सांगितलं.

त्याला इंदूरला आणलं होतं शिवबरन काकाने. सख्खा काका नव्हे, गावाच्या नात्याने काका. शिवबरन कितीतरी वर्षं ह्याच मिलमध्ये फायरमन होता. त्याने पोराला परदेशीपुऱ्यात आपल्या खोलीत ठेवलं, जेवू घातलं, फावडं धरायला शिकवलं, इंजिनिअरसमोर उभं करून बदलीत नाव लावून दिलं. आणि अटेंडंटची जागा रिकामी होत होती ती नेमकी काकाच्याच टोळीत, म्हणजे त्याच्याच बॉयलरवर. दुसऱ्या टोळीत बदलून घे म्हणावं तर तिथे जागा नव्हती.

“हम ऊपर स्टूल पर बैठेंगे,” तो म्हणाला, “और काका नीचे फावड़ा लेकर खड़े रहेंगे. और हम उनको कहेंगे, कोयला डालो. ये मुँह से निकलेगा, मास्साब?”

मग परीक्षेला बसतोस कशाला, मी विचारलं. तर म्हणे काकाच बसवतो. काका गावी पत्रं लिहवून घेतो की पोरगा साहेब होणार. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागेल, आणि हे कारण काकाला कसं सांगायचं? त्यापेक्षा नापास झालेलं बरं. नापासाला कोणी कारण विचारत नाही.

मी त्याला माझ्या घरचं सांगितलं. माझे वडील चौकीदार, मी सरकारी खुर्चीवर. म्हणून काय त्यांचा मान गेला? उलट ते गल्लीत छाती काढून चालतात. मला वाटलं, हे बिनतोड झालं.

तो शांतपणे म्हणाला, “आपके पिताजी ने आपको ऊपर भेजने के लिए पढ़ाया. काका हमको अपने बगल में खड़ा करने लाए थे.”

मी कप खाली ठेवला. चहाचे पैसे देऊन उठलो.

रविवारी मिलला सुट्टी असते. मी परदेशीपुऱ्यात शिवबरनच्या खोलीवर गेलो. रामदुलारे बाजारात गेला आहे हे पाहूनच गेलो. काका साठीकडे झुकलेला, खांद्याने रुंद, भट्टीच्या बाजूचा गाल दुसऱ्या गालापेक्षा काळा. त्याने आधी गूळ दिला, मग पाणी. त्यांच्यात नुसतं पाणी देत नाहीत. मग खाटेवर मला बसवलं आणि आपण जमिनीवर बसला. बॉयलरवरच्या माणसांना हळू बोलता येत नाही. भट्टीच्या आवाजात जन्म गेलेला असतो. त्यामुळे आमचं बोलणं अर्ध्या चाळीला ऐकू गेलं असणार.

मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, तो रडेल किंवा चिडेल. त्याने फक्त विचारलं, “जवाब क्या दिया इसने?”

मी सांगितलं.

“दोनों बार?”

“दोनों बार.”

तो हसला. “गधा है. इतना तो बकरी को भी मालूम है.” मग बराच वेळ गमछ्याची गाठ सोडत-बांधत बसला. मी म्हटलं, काका, तुम्ही एकदा त्याला सांगा की जा, बस वर, माझी हरकत नाही. त्यावर त्याने मान हलवली. म्हणाला, असं सांगून होत नसतं. मी परवानगी दिली तर तो जन्मभर परवानगीवर बसेल. स्टुलावर बसल्यासारखा बसणारच नाही, अर्ध्या ढुंगणावर बसेल आणि अर्धा उभा राहील. असल्या माणसाच्या हातात बॉयलर द्यायचा का, तुम्हीच सांगा.

मग म्हणाला, “मेरा भी नाम लिख लो.”

मला आधी कळलंच नाही. तो वर्गात यायचं म्हणत होता. लिहितावाचता येत नव्हतं, पण परीक्षा तोंडी होती आणि नियमात वयाची अट नव्हती. मी नाव घातलं. मिलचा इंजिनिअर हसला, म्हणाला, म्हातारपणी शाळा. मी मात्र खूश होतो. वाटलं, दोघंही पास होतील, म्हातारा स्टुलावर बसेल, पोराला पुढेमागे दुसऱ्या टोळीत जागा मिळेल, आणि माझ्या वर्षाच्या अहवालात एकाच्या जागी दोन पास.

काका आला तो पहिल्याच दिवशी पुढच्या बाकावर बसला. रामदुलारे उठून भिंतीशी उभा राहिला. काकाच्या बरोबरीने बाकावर बसणं त्याच्याने होईना. मी त्याला काही विचारलं की तो आधी काकाकडे बघायचा. दोन-तीन दिवस असं झाल्यावर काका कडाडला, “मास्साब पूछ रहे हैं, मेरा मुँह क्या देखता है? मेरे मुँह पर लिखा है?” वर्ग हसला. शिवणवर्गातूनही हसण्याचा आवाज आला.

काकाचं स्वतःचं म्हणाल तर त्याला सगळं येत होतं. फक्त नावं नव्हती. मी ज्याला सेफ्टी व्हॉल्व म्हणायचो त्याला तो सीटी, म्हणजे शिट्टी, म्हणायचा. मी नावं शिकवली, त्याने घेतली. शाळेत न गेलेला माणूस शिकायला बसला की कसा शिकतो ते मला माहीत आहे, मी घरी वडिलांना इंग्रजी आकडे शिकवले होते. परीक्षेच्या आठवड्यात मी काकाला उलटसुलट विचारून पाहिलं. एकही उत्तर चुकलं नाही. काचेतल्या पाण्याचं तर त्याने मला दोन प्रकारे सांगितलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी त्याने एकच मागणं केलं, मला सगळ्यांत आधी आत बोलवा. वडीलधारा म्हणून मी ते करून दिलं. उन्हाळ्याचे दिवस, सगळ्या खिडक्या उघड्या. बाकीचे उमेदवार व्हरांड्यात बसलेले, रामदुलारे खांबाला टेकून उभा.

काका आत गेला. दोन-तीन प्रश्न नीट झाले. मग मोठ्या परीक्षकांनी त्यांचा आवडता प्रश्न काढला. काचेत पाणी दिसत नाही, काय करशील?

“पानी छोड़ देंगे साहब,” काका म्हणाला. त्याच्या नेहमीच्या भट्टीवरच्या आवाजात. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. परीक्षक म्हणाले, परत विचार करून सांग. काकाने परत सांगितलं, आणखी मोठ्याने, “पानी छोड़ देंगे. यही हमारे घर का जवाब है.”

व्हरांड्यात हशा पिकला. रामदुलारे हसला नाही. त्याने खांबावरची पाठ काढली आणि सरळ उभा राहिला.

काका बाहेर आला, माझ्याकडे न बघता पायरीवर जाऊन बसला. रामदुलारेचं नाव पुकारलं गेलं. त्याला तोच प्रश्न येणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि आला. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मी दाराशी होतो. खरं सांगतो, माझी स्वतःची बी.एस्सी.ची परीक्षा मला एवढी जड गेली नव्हती. खोली, पक्की नोकरी, गावची ती पोरगी, सगळं त्या एका उत्तरावर आलं होतं, आणि नेहमीचं उत्तर आता त्याला देता येत नव्हतं. काकाच्या मागे राहायला नापास व्हायचं म्हटलं, तर ती जागा काकाने आधीच घेऊन टाकली होती.

शेवटी तो बोलला. इतका हळू की परीक्षकांनी सांगितलं, मोठ्याने बोल. मग त्याने सगळं क्रमाने सांगितलं. तोट्या, राख, इंजिनिअरला हाक. आणि पाणी सोडायचं नाही.

तो पास झाला. काका नापास.

मी पायरीशी जाऊन काकाला विचारलं, हे काय केलंत? तो गमछा झटकत म्हणाला, “घबरा गए थे, मास्साब.” रामदुलारे बाहेर येऊन त्याच्या पायाशी वाकला. काकाने त्याला उठवलं आणि म्हणाला, चल, मला दुपारची पाळी आहे, उशीर होतोय. दोघं सायकलवर डबलसीट गेले. सायकल काका चालवत होता.

पुढे पावसाळ्याच्या आत रामदुलारेची बायको आणि मुलगी इंदूरला आल्या. मुलगी त्याच्या अंदाजापेक्षा उंच निघाली.

मला ह्या यशाचा अभिमान आहे, पण एक बोचही आहे. शिवबरन अटेंडंट होण्याच्या लायकीचा होता आणि फायरमन म्हणूनच रिटायर झाला. मी त्याला दरवर्षी सांगायचो, काका, एकदा बसा परत. तो म्हणायचा, एका घरात दोन साहेब कशाला. माझ्या खात्याच्या अहवालात त्या वर्षी ह्या दोघांपुढे एक पास, एक नापास अशी नोंद गेली. त्या नोंदीत चूक काही नाही, म्हणून ती दुरुस्तही करता येत नाही.

रामदुलारेने काम सुरू केलं त्या आठवड्यात मी मुद्दाम बॉयलर बघायला गेलो. तो स्टुलावर बसला होता, नीट, पूर्ण. काका खाली फावडं घेऊन. मी बघत होतो की आता हा हुकूम कसा देतो. काचेत पाणी ठीक होतं, पण वाफेचा काटा जरा उतरायला लागला होता. रामदुलारेने काट्याकडे पाहिलं, त्याचे ओठ हलले. तेवढ्यात काकानेच भट्टीच्या दाराला हात घातला आणि वर बघून खणखणीत आवाजात विचारलं, “साहब, कोयला डालें?”

“डालिए काका,” रामदुलारे म्हणाला.

नंतर त्या टोळीत कायम तसंच चाललं. हुकूम कधी दिला गेला नाही. काका विचारायचा, रामदुलारे हो म्हणायचा. एकदा तपासणीला भोपाळचे निरीक्षक आले. ते बराच वेळ बघत राहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, बाकी सगळं उत्तम आहे, पण हा म्हातारा फायरमन प्रत्येक वेळी विचारतो कशाला? एवढी वर्षं काम करून त्याला कळत नाही का, कोळसा कधी टाकायचा?

मी म्हटलं, शिस्तीचा माणूस आहे, साहेब. जुन्या वळणाचा.